बोर्निओत वन्यजीव बघायला जायचंय : सबाहमधले दिवस कसे वाटावेत?

रानवाटा (धागाकर्ता)

सबाहबद्दल वेगवेगळ्या धाग्यांवर सुटे प्रश्न येत राहतात, म्हणून एकाच ठिकाणी मांडतोय. बोर्निओ बेट मलेशिया, इंडोनेशिया आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेलं आहे. उत्तरेचं टोक म्हणजे मलेशियाचं सबाह राज्य. वन्यजीव बघायला आपल्याकडून जाणाऱ्यांना तेच सगळ्यात सोयीचं, कारण सांदाकान आणि लाहाद दातू या दोन गावांच्या आसपास बहुतेक महत्त्वाच्या जागा येतात.

पहिली गोष्ट अपेक्षांची. ताडोबा-कान्ह्याची सवय घेऊन इथे जाऊ नका. तिथे जिप्सी, रस्ता, पाणवठा आणि एक मोठा प्राणी असा हिशोब असतो. इथे प्राणी जमिनीपासून तीस-चाळीस मीटर वर, पानांच्या गर्दीत असतात. होडीतून किंवा पायी बघायचं. वाघ बोर्निओत नाहीच, सगळ्यात मोठं मांजर म्हणजे सुंदा क्लाउडेड लेपर्ड, आणि तो दिसेल असं धरून कोणी सहल आखू नये.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हा धागा मुख्यतः काढलाय. किनाबातांगन नदीवर प्राणी पटापट दिसतात आणि दानुम खोऱ्यात कमी दिसतात, म्हणून बरेच जण दानुम गाळतात. पण हे असं का होतं ते लक्षात घ्या. किनाबातांगनच्या दोन्ही काठांना जंगलाची चिंचोळी पट्टी उरली आहे आणि तिच्या मागे लगेच तेलमाडाची लागवड सुरू होते. हत्ती, ओरांगउटान, धनेश सगळे त्या पट्टीत कोंडले गेलेत, म्हणून होडीतून दिसतात. दानुममध्ये ४३८ चौरस किलोमीटर जंगल आहे, आत एकही वस्ती नाही, आणि प्राण्यांना नदीकाठी येऊन बसायची गरज नाही. नुसतं किनाबातांगन करून परतलात तर यादी मोठी होईल, पण बोर्निओचं जंगल म्हणजे काय हे बघायचं राहील. माझं मत : नदीवर दोन रात्री, दानुमला किमान तीन.

मी सुचवतो तो क्रम असा : मुंबईहून क्वालालंपूर (साधारण पाच तास), तिथून थेट विमानाने सांदाकान. सेपिलोकला (ओरांगउटान पुनर्वसन केंद्र) दोन रात्री, कासवांसाठी सेलिंगान बेटावर एक रात्र, किनाबातांगनकाठच्या सुकाऊ किंवा बिलित इथे दोन रात्री, लाहाद दातूला एक मुक्काम, दानुमला तीन रात्री, आणि लाहाद दातूहून कोटा किनाबालूमार्गे परत.

लाहाद दातूचा मुक्काम बिनकामाचा वाटतो, पण दानुमच्या गाड्या तिथून सकाळी सुटतात आणि पुढचा अडीच तासांचा रस्ता बराचसा खडीचा आहे. सुकाऊहून सकाळची होडीफेरी करून, नाश्ता उरकून निघालात तर त्या दिवशीची गाडी चुकते. ती चुकली की खासगी गाडी करावी लागते किंवा दानुमची एक रात्र हातची जाते. बुकिंगच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

---

मीनाक्षी_ठाणे

रानवाटा, फार उपयोगी. मोसमाचं कुणी सांगेल का? आमच्या डोक्यात डिसेंबरची शाळेची सुट्टी आहे.

---

धनेशप्रेमी

डिसेंबर-जानेवारी टाळा. सबाहच्या पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पडतो. किनाबातांगनला पूर येतो, काठावरच्या पायवाटा पाण्याखाली जातात, समुद्र खवळलेला असला तर सेलिंगानची होडी रद्द होते. मार्च ते ऑक्टोबर बरा. त्यातही पाऊस असतोच, पण बहुधा दुपारनंतर तासाभराची सर येऊन जाते. मे महिन्याची सुट्टी उत्तम जमते.

पण नुसता पाऊस बघू नका, फळं बघा. बोर्निओतली मोठी झाडं दरवर्षी फळत नाहीत. बरीच वर्षं शांत राहतात आणि मग एकदम सगळं जंगल फुलतं-फळतं. कधी, ते आधी सांगता येत नाही. मधल्या काळात उंबर-वडाच्या कुळातली झाडं प्राण्यांना जगवतात, कारण त्यातलं कुठलं ना कुठलं झाड कधीही फळलेलं असतं. म्हणून दानुमला पोचल्या पोचल्या गाइडला पहिला प्रश्न हा विचारा : 'सध्या कुठलं उंबर फळलंय?' त्या झाडाखाली सकाळी दोन तास शांत बसलं की जे दिसतं, ते दिवसभर चालूनही दिसत नाही. ओरांगउटान, गिबन, र्‍हायनोसरस धनेश, बिंटुरोंग (अस्वलासारखं दिसणारं उदमांजराच्या कुळातलं जनावर), आणि पेल जायंट स्क्विरल, म्हणजे आपल्या शेकरूची सख्खी भावकी. जाती वेगळ्या, पण दोघांची प्रजाती (जीनस) एकच, रातुफा. लोकांना चालायची घाई असते. बसून राहण्याने जास्त दिसतं.

धनेशांच्या बोर्निओत आठ जाती आहेत आणि आठही किनाबातांगनच्या परिसरात नोंदल्या गेल्यात. ओरिएंटल पाइड रोज दिसतो. र्‍हायनोसरस बहुधा दिसतोच. हेल्मेटेड धनेश मात्र ऐकायचा पक्षी. आधी लांब अंतराने 'हू... हू...', मग अंतर कमी होत जातं आणि शेवटी वेड लागल्यासारखं हसू. त्याच्या डोक्यावरचं शिंग भरीव असतं, कोरीवकामासाठी त्याची बेसुमार शिकार झाली आणि २०१५ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचा आवाज रेकॉर्ड करून परत वाजवणारा गाइड मिळाला तर स्पष्ट नाही म्हणा.

---

सागरलाटा

सेलिंगानबद्दल तपशील देते, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त नाराज होतात आणि ते केवळ माहिती नसल्यामुळे.

टर्टल आयलंड्स पार्कमध्ये तीन बेटं आहेत : सेलिंगान, गुलिसान आणि बाक्कुंगान केचिल. सांदाकानपासून साधारण ४० किलोमीटर. पर्यटकांचा मुक्काम फक्त सेलिंगानवर, तोही मोजक्याच लोकांना, त्यामुळे बुकिंग काही महिने आधी लागतं. होडी सकाळी साडेनऊच्या सुमारास सुटते. दिवसा किनारा मोकळा असतो, संध्याकाळी सूर्य मावळला की किनाऱ्यावर जायला सक्त बंदी. जेवणाच्या हॉलमध्ये बसून राहायचं. पहिलं ग्रीन टर्टल अंडी घालायला लागलं की रेंजर हाक देतो. ती हाक साडेसातला येईल, नाहीतर मध्यरात्रीनंतर. खोलीत जाऊन झोपलात तर राहिलं.

सगळ्या पाहुण्यांना मिळून त्या रात्री एकच कासव दाखवतात. कासव वर येताना, जागा शोधताना बघायचं नाही, कारण तेव्हा उजेड किंवा हालचाल दिसली तर ते अंडी न घालता परत फिरतं. अंडी सुटायला लागली की मग ते जागचं हलत नाही, त्या वेळी मागच्या बाजूने उभं राहायचं. फ्लॅश नाही, मोबाइलची टॉर्च नाही. त्यानंतर अंडी बादलीत गोळा करून कुंपण घातलेल्या हॅचरीत नेऊन पुरतात, आणि त्या रात्री पिल्लं निघाली असतील तर समुद्रात सोडतात. सगळं मिळून दीड-दोन तास.

हॅचरीत काही भागावर सावली असते, काहींवर नसते, त्याचं कारण जरूर विचारा. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. उष्ण वाळूत माद्या जास्त निघतात.

ज्यांनी वेळासला कासव महोत्सव बघितलाय त्यांच्यासाठी फरक : वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळ-संध्याकाळ समुद्रात जाताना दिसतात. इथे ग्रीन टर्टलची मादी अंडी घालताना दिसते, आणि ती चांगली मीटरभर लांब असते. वर्षभर येतात, पण जुलै ते ऑक्टोबर सगळ्यात जास्त, आणि तेव्हा समुद्रही शांत असतो.

खोल्या साध्या आहेत. डोक्याला लावायची टॉर्च न्या, पण लाल उजेडाची, आणि तीसुद्धा खोलीपुरतीच.

---

निलेश_डोंबिवली

किनाबातांगनला लॉज खूप दिसतात, दरांत तिपटीचा फरक आहे. कशावरून निवडायचं?

---

रानवाटा

खोलीवरून निवडू नका, होडीवरून निवडा. बुकिंगच्या आधी ईमेलवर हे विचारून लेखी उत्तर घ्या :

- एका होडीत किती माणसं? आठपर्यंत ठीक. सोळा-वीसच्या होडीत निम्म्यांना समोरच्याचं डोकंच दिसतं, आणि मोठी होडी अरुंद ओढ्यांत शिरत नाही.
- दोन रात्रींत फेऱ्या किती आणि कोणत्या वेळी? दुपारची फेरी चारच्या सुमारास, सकाळची सहाला. दोन रात्रींत किमान चार फेऱ्या हव्यात, वर रात्रीची एक. 'तीन दिवस-दोन रात्री' या नावाखाली काही ठिकाणी तीनच फेऱ्या बसवतात.
- इंजिन बंद करून हळू सरकण्यासाठी छोटी विजेवरची मोटर आहे का? ओढ्यात या मोटरने फार फरक पडतो.
- गाइड आणि होडीवाला वेगळे आहेत का? एकाच माणसाने सुकाणू सांभाळायचं आणि प्राणी शोधायचे म्हटलं की दोन्ही अर्धवट होतात.
- हत्ती लांब असतील तर जायची तयारी आहे का, आणि त्याचे इंधनाचे जादा पैसे किती?

शेवटचा मुद्दा जरा सविस्तर. हत्ती नदीकाठाने सतत फिरत असतात. आज सुकाऊजवळ असतील, आठवड्याने कितीतरी किलोमीटर वर. गाइड एकमेकांना फोनवर खबर देतात. हत्ती दिसले नाहीत तर तो गाइडचा दोष नव्हे. दिसले, तर होडी काठाला भिडवायचा आग्रह धरू नका. विशेषतः कळप नदी ओलांडत असेल तर इंजिन बंद ठेवून लांब थांबायचं, कारण पाण्यातल्या पिल्लाला वळसा घालून होडी पुढे गेली तर कळप फुटतो. बोर्निओचे हत्ती जगात साधारण हजारच उरलेत आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नोंद करून त्यांना संकटग्रस्त ठरवलं गेलं.

सुकाऊजवळचा मेनांगुल ओढा प्रसिद्ध आहे, म्हणून दुपारी तिथे होड्यांची रांग लागते. पहाटे जा. बिलितकडून तेनेगांग ओढा जवळ पडतो आणि गर्दी कमी असते. लांबनाक्या प्रोबोसिस माकडांसाठी मात्र संध्याकाळच योग्य : दिवसभर आत चरून ती मुक्कामाला नदीकाठच्या झाडांवर येतात. एक नर, बऱ्याच माद्या आणि पिल्लं असा एक गट, आणि शेजारच्या झाडावर एकट्या नरांचा दुसरा. या नदीच्या परिसरात माकडकुळातल्या दहा जाती आहेत. होडीतून पाच-सहा आरामात दिसतात.

---

धनेशप्रेमी

+१. रात्रीच्या फेरीबद्दल एवढंच : बफी फिश आउल, झोपलेले खंड्या, मगरी, नशीब असेल तर स्लो लोरिस किंवा फ्लॅट-हेडेड मांजर. झोपलेल्या खंड्याच्या हातभर अंतरावर होडी नेऊन दहा जणांनी फ्लॅश मारायचे, हे तिथे सर्रास चालतं. पक्षी अंधारात उडाला की परत जागा शोधू शकत नाही. फेरी सुरू व्हायच्या आधीच गाइडला सांगा की आम्हाला असे फोटो नकोत. त्यालाही बरं वाटतं, बहुतेक वेळा तो पाहुण्यांच्या हौसेखातरच करत असतो.

---

सुलभा_कोथरूड

बरोबर सासूबाई-सासरे आहेत, वय सत्तरच्या पुढे. गुडघे जेमतेम. आणि दोघंही शाकाहारी. जमेल का?

---

सागरलाटा

सुलभाताई, जमेल, पण दानुम बदलून. सेपिलोकला सगळीकडे लाकडी फळ्यांचे सपाट मार्ग आहेत. होडीत चढायला जेटीवर दहा-पंधरा पायऱ्या, नदीचं पाणी खाली गेलं असेल तर जास्त. हात द्यायला माणूस असतो. होडीतली खुर्ची बुटकी असते, गुडघे दुखणाऱ्यांनी घडी घालून बसायची जाड उशी न्यावी. सेलिंगानला रात्री वाळूत पाच-दहा मिनिटं चालावं लागतं, तेही शक्य आहे. दानुमला महागड्या लॉजवर राहिलात तर पायवाट सोडूनही गाडीतली रात्रफेरी आणि झुलता पूल करता येईल, पण स्वस्तातल्या फील्ड सेंटरला (तिथलं संशोधन केंद्र) चालल्याशिवाय फार काही हाती लागत नाही. त्याऐवजी किनाबातांगनला तीन रात्री ठेवा.

खाण्याचं : मलय जेवणात सुकट आणि बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, भाजीतही असते. 'व्हेजिटेरियन' म्हटलं तरी ते मांस वगळतात, बेलाचान नाही. म्हणून नावं घेऊन सांगायचं : 'साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बेलाचान', म्हणजे मटण, कोंबडी, मासे, कोळंबी, बेलाचान खात नाही. अंडं चालत नसेल तर त्यात 'तेलूर' जोडा. बुकिंग करताना लिहून कळवा आणि लॉजवर पोचल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा सांगा. भात, परतलेला कांकुंग (नाळीची भाजी), टोफू, फळं यावर निभतं. बरोबर मेतकूट आणि कोरडा खाऊ असावाच. जंगलातल्या खोलीत उघडा डबा ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर येतात. दारं-खिडक्या उघड्या टाकल्या तर माकडं.

---

अरण्यदीप

ओरांगउटानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र १९६४ पासून आहे. अनाथ पिल्लं इथे वाढवून जंगलात सोडतात. खाऊ घालायची वेळ सकाळी दहा आणि दुपारी तीन. या दोन सत्रांच्या मध्ये केंद्र दुपारी काही वेळ बंद असतं आणि शुक्रवारी सकाळचं सत्र लवकर संपतं, त्यामुळे शुक्रवारी पोचणाऱ्यांनी दहाचीच वेळ धरावी. पिशव्या आत नेता येत नाहीत, लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, कारण ओरांगउटान त्या हिसकावतात. पाण्याची बाटली, खाऊ, कीटकनाशक फवारा काहीच आत नको. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. माणसाचे श्वसनाचे आजार त्यांना लागतात आणि पिल्लं दगावतात.

खाऊच्या वेळी एकही ओरांगउटान आला नाही तर तक्रार करणारे लोक दिसतात. खरं तर ती चांगली खूण आहे. जंगलात फळं मिळत असली की ते खाऊच्या फळीकडे फिरकत नाहीत, आणि केंद्राचा उद्देशच तो आहे.

दिवसाचं गणित असं बसवा : दहाला खाऊची वेळ, मग अगदी समोरच्या सन बेअर केंद्रात दीड तास. जगातलं सगळ्यात लहान अस्वल, छातीवर पिवळसर चंद्रकोर. ऊन चढलं की ती आडोशाला जातात, त्यामुळे दुपारी उशीर करू नका. चारनंतर रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरचा उंचावरचा पूल. बोर्निअन ब्रिसलहेड हा फक्त याच बेटावर सापडणारा पक्षी बघायला पक्षीवाले तिथेच ठाण मांडतात. रात्रफेरीचं बुकिंग आधी केलं असेल तर सहाच्या सुमारास पुलावरूनच लाल उडत्या खारी ढोलीतून निघून तरंगत जाताना दिसतात. हा कार्यक्रम कुणीही सोडू नये.

जंगली ओरांगउटानसाठी मात्र किनाबातांगन आणि दानुम. रोज संध्याकाळी तो फांद्या मोडून नवं घरटं करतो. हिरवी पानं असलेलं घरटं म्हणजे तो काल-परवा तिथेच होता. तपकिरी घरट्याखाली वेळ घालवू नका.

---

मीनाक्षी_ठाणे

जळवांची फार भीती वाटते. खरंच एवढ्या असतात?

---

अरण्यदीप

नदीवर होडीत नाहीत. दानुमला पावसानंतर भरपूर. दोन जाती लक्षात ठेवा : तपकिरी जळू जमिनीवरून बुटावर चढते, चावलेलं कळतही नाही. पट्ट्यापट्ट्यांची टायगर जळू गुडघ्यापासून कंबरेपर्यंतच्या पानांवर बसून असते आणि चावली की झोंबतं. म्हणून नुसते पाय झाकून भागत नाही. शर्ट पँटमध्ये खोचा, गळ्याभोवती रुमाल.

जळूमोजे, म्हणजे घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे पिशवीसारखे मोजे, पँटवरून चढवायचे आणि वरची नाडी आवळायची. साधे लोकरी किंवा सुती मोजे चालत नाहीत, विणीतून जळू आत शिरते. मोज्यांच्या बाहेरून डीटचा (कीटक पळवणाऱ्या औषधाचा) हात फिरवा. बुटांसाठी तिथल्या दुकानांत मिळणारे काळे रबरी बूट घ्या, स्थानिक लोक त्यांना 'आडिडास कामपुंग' म्हणतात. स्वस्त, चिखलात घसरत नाहीत, पाण्याने धुतले की लगेच कोरडे. आपले महागडे ट्रेकिंगचे बूट एकदा भिजले की त्या हवेत सहलभर ओले राहतात.

चिकटली तर मीठ, तंबाखू, काडी काही नको. तसं केलं की ती पोटातलं जखमेत ओकते. बारीक टोकाकडे, म्हणजे तोंडाकडे, नख कातडीला सपाट लावून बाजूला सरकवा, मग जाड टोक सोडवा. रक्त तास-दोन तास झिरपतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. दाबून पट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. जळवांमुळे तिथे रोग पसरत नाहीत. खाजवल्याने मात्र जखम चिघळते.

---

डॉ_वनवासी

रोगांचा विषय निघालाच आहे तर डासांचं लिहितो. सबाहमध्ये माकडांमधून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया आढळतो, प्लास्मोडियम नोलेसी. रक्तात वाढण्याचं त्याचं चक्र चोवीस तासांचं आहे, त्यामुळे आजार झपाट्याने वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो सौम्य समजल्या जाणाऱ्या प्लास्मोडियम मलेरी जातीसारखा दिसतो. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'बोर्निओच्या जंगलात होतो' हे शब्द स्पष्ट सांगा. गोळ्या घ्यायच्या का हे आपापल्या डॉक्टरांशी ठरवा. संध्याकाळी लांब बाह्या आणि डीट हे सगळ्यांनाच.

गोमांतोंग गुहेला जाणाऱ्यांसाठी : वटवाघळांच्या विष्ठेची धूळ असते, मास्क घाला. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आत जाऊ नये. कठड्याला हात लावू नका, त्यावर झुरळं आणि लांब पायांच्या गोमी असतात. या गुहेत पाकोळ्यांची खाण्याची घरटी परवान्याने काढतात, वेताच्या शिड्या लटकलेल्या दिसतील. संध्याकाळी लाखो वटवाघळं बाहेर पडतात आणि बॅट हॉक हा शिकारी पक्षी त्यांच्यावर झडप घालतो, ते बाहेर उभं राहूनही दिसतं. दमेकऱ्यांनी तेवढंच करावं.

---

निलेश_डोंबिवली

कॅमेऱ्याचं?

---

धनेशप्रेमी

१००-४०० लेन्स पुरे. त्याहून जड लेन्स होडीत हाताने धरवत नाही आणि तिवईचा होडीत उपयोग नाही. प्राणी बहुतेक वेळा पांढऱ्या आकाशासमोर असतो, त्यामुळे तो काळा ठिपका येतो. एक्स्पोजर +१ ते +१.५ ठेवा. जंगलाच्या तळाशी दुपारी बारालाही अंधार असतो, आयएसओ ३२०० ला घाबरू नका.

सगळ्यात जास्त फोटो जातात ते धुक्याने. एसीच्या खोलीतून थंड लेन्स बाहेर आणली की तिच्यावर बाष्प धरतं आणि अर्धा तास उतरत नाही, तोवर सकाळची फेरी निम्मी झालेली असते. कॅमेरा रात्री एसीत ठेवायचा असेल तर बंद पिशवीत ठेवा आणि फेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी पिशवी न उघडता बाहेर ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या भरपूर.

कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण महत्त्वाची. प्रत्येकाला वेगळी हवी. ८x४२ घ्या. होडी हलत असते, १०x मध्ये चित्र थरथरतं.

---

रानवाटा

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी उरल्या त्या लिहितो.

मलेशियात येण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची व्हिसामाफी आहे, पण तिची मुदत वाढत गेलेली आहे, म्हणून तिकीट काढताना सध्याची स्थिती बघा. सबाहची इमिग्रेशन वेगळी आहे : क्वालालंपूर ते सांदाकान हे देशांतर्गत विमान असूनही उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात. तो चेक-इन सामानात टाकू नका.

घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सकाळी सहाची होडी म्हणजे शरीराच्या हिशोबाने पहाटेचे साडेतीन. म्हणून पहिले दोन दिवस सेपिलोकला ठेवलेत, तिथे दहाला सुरुवात होते.

रोख रिंगिट सांदाकानलाच काढून घ्या, नदीकाठी भरवसा नाही. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. जीन्स नको, वाळत नाही. छत्री नको, होडीत मागच्याला काही दिसत नाही, पोंचो न्या.

प्रवासविमा घेताना पूर्व सबाहचं नाव घेऊन विचारा. तिथल्या समुद्रात पूर्वी अपहरणाच्या घटना झाल्यात, रात्री समुद्रातल्या होड्यांवर बरीच वर्षं बंधनं होती, आणि काही विमा कंपन्या तो किनारा वगळतात. सुकाऊ-बिलित नदीवर आत आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही, पण सेलिंगानचा येतो.

---

निलेश_डोंबिवली

दानुमला लॉज की फील्ड सेंटर? लॉजचा दर बघून डोळे फिरले.

---

अरण्यदीप

जंगल दोन्हीकडे तेच. लॉजवर जेवण, गाइड, रात्रफेरी सगळं धरून असतं आणि माणशी गाइड भरपूर. फील्ड सेंटर १९८६ पासूनचं संशोधन केंद्र आहे, पाहुण्यांना उरलेल्या जागा देतात. त्यामुळे बुकिंग ईमेलने, उत्तराला वेळ लागतो, गाडी ठराविक वारीच येते-जाते, आणि तो वार तुमच्या विमानाशी जुळतो का हे तिकीट काढायच्या आधी बघायचं. रेंजर आणि रात्रफेरी स्वतंत्र सांगून ठेवावी लागते. पोचल्यावर सांगू म्हटलं तर तो दिवस संशोधकांनी घेतलेला असतो. वीज दिवसभर असते का, तेही विचारा.

जगातलं सगळ्यात उंच उष्णकटिबंधीय झाड, १००.८ मीटरचं पिवळं मेरांटी, याच खोऱ्यात आहे. ते बघायचा हट्ट धरू नका, पण त्याच जातकुळीची साठ-सत्तर मीटरची झाडं पायवाटेवर आहेत. पहाटे साडेपाचला गिबनांचं गाणं सुरू होतं. त्या वेळी अंथरुणात नको, बाहेर या.

---

सुलभा_कोथरूड

सगळ्यांचे आभार. मेच्या दुसऱ्या आठवड्यासाठी सेपिलोक दोन, सेलिंगान एक, बिलित तीन असं धरतेय. होडीचे पाचही प्रश्न आज तीन लॉजना पाठवले.

---

सागरलाटा

सुलभाताई, क्रम छान आहे. सेलिंगानची परतीची होडी सकाळी लवकर सांदाकानला सोडते, तेव्हा बिलितच्या लॉजला सांगा की जेटीवरूनच उचला. रस्त्याने दोन-अडीच तास. गोमांतोंग त्याच रस्त्यावर लागतं, पण तुम्ही दुपारच्या उन्हात तिथे पोचाल आणि वटवाघळं संध्याकाळी निघतात. आजी-आजोबांना घेऊन ते गाळा, थेट लॉजवर जाऊन जेवून विश्रांती घ्या, म्हणजे चारची फेरी ताजेपणाने होईल.